चावी कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१ फेब्रुवारी १९७० रोजी पश्चिम जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एसेन शहरी, एका हॉटेलात, परस्परांत गुंतलेल्या तीन करारांवर सह्या झाल्या. जर्मन पोलाद कारखान्यांनी सोव्हिएत रशियाला मोठ्या व्यासाचे १२ लाख टन नळ पुरवावयाचे. डॉइच बँकेच्या पुढाकाराने जर्मन बँकांनी त्यासाठी १२० कोटी मार्कांचे कर्ज द्यावयाचे. आणि रशियाने त्या कर्जाची फेड नैसर्गिक वायूच्या रूपाने करावयाची. रूरगास ही कंपनी १९७३ पासून वीस वर्षे दरसाल ३०० कोटी घनमीटर वायू घेणार होती. सह्यांच्या वेळी जर्मनीचे अर्थमंत्री कार्ल शिलर आणि सोव्हिएत व्यापारमंत्री पातोलिचेव्ह जातीने हजर होते. कंपन्यांच्या सौद्याला दोन देशांचे मंत्री उपस्थित राहतात, यातच त्या सौद्याचे राजकीय स्वरूप उघड होते. विली ब्रांट यांचे समाजवादी नेतृत्वाखालील सरकार अधिकारावर येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने लोटले होते.

या व्यवहाराचा शेवट २०२२ च्या ऑगस्टअखेरीस झाला. युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर सहा महिन्यांनी रशियाने यंत्रदुरुस्तीचे निमित्त पुढे करून बाल्टिक समुद्राखालील वायुवाहिनी बंद केली ती पुन्हा उघडलीच नाही. सप्टेंबरच्या २६ तारखेस त्या वाहिन्या समुद्रतळाशी स्फोटांनी फुटल्या. २०२१ साली जर्मनीच्या वायूच्या आयातीपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, वायू रशियातून येत होता. एवढ्या मोठ्या औद्योगिक राष्ट्राच्या भट्ट्या आणि घरांतील शेगड्या परक्या सत्ताधीशाच्या मर्जीवर जळत होत्या, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

हुकूमशाही सत्तेशी व्यापार वाढवावा की नाही, हा प्रश्न निघाला की दोन तयार उत्तरे पुढे येतात. पहिले उत्तर सोवळ्याचे: अशा सत्तेचा विटाळच नको. दुसरे उत्तर व्यापाऱ्याचे: देवघेव वाढली की मने जुळतात, मने जुळली की राजवट निवळते. जर्मनीच्या पन्नास वर्षांच्या अनुभवावर ही दोन्ही उत्तरे घासून पाहावीत, हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे. हा अनुभव मुद्दाम निवडला आहे, कारण तो समाजवाद्यांच्या घरातला आहे. यात चुकले ते बहुतांशी आपल्याच विचारकुळीतील लोक होते.

प्रथम सोवळ्याच्या उत्तराचा विचार करू. १९६२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या आग्रहावरून ‘नाटो’ने सोव्हिएत गोटाला मोठ्या व्यासाचे नळ विकण्यावर बंदी घातली. आडेनाउअर सरकारने ती आपल्या कारखान्यांवर लादली आणि १ लाख ६३ हजार टन नळांचे झालेले करार मोडले. त्या वेळी जर्मन समाजवादी पक्षाने या बंदीला संसदेत विरोध केला होता. सत्ताधारी पक्षाने सभात्याग करून गणसंख्याच राहू दिली नाही, म्हणून बंदी टिकली. फळ काय मिळाले? रशियाची तेलवाहिनी काही काळ लांबली, इतकेच. चेल्याबिन्स्कच्या कारखान्याने रुंद नळ स्वतः तयार करावयास आरंभ केला आणि तेथील कामगारांनी पहिल्या नळावर आडेनाउअरची टवाळी करणारा मजकूर रंगविला. बंदी १९६६ साली मुकाट्याने मागे घेण्यात आली. राजवटीचा एक चिराही हलला नाही. उलट बाहेरच्या शत्रूचे बोट दाखवून आपली पकड घट्ट करण्याची आयती संधी तिला लाभली.

ब्रांट यांचे सहकारी एगॉन बार यांनी जुलै १९६३ मध्ये टुट्सिंग येथील भाषणात जवळीकीतून परिवर्तन ही कल्पना मांडली, ती या पार्श्वभूमीवर. बर्लिनची भिंत उभी राहून दोन वर्षेही झाली नव्हती. ब्रांट हे पश्चिम बर्लिनचे महापौर होते आणि त्यांच्या शहरात आई भिंतीच्या एका बाजूस व मुलगा दुसऱ्या बाजूस अशी हजारो घरे होती. राजवट ढकलून पडत नसेल तर तिच्याशी बोलून माणसांचे हाल तरी कमी करावेत, हा त्या कल्पनेचा गाभा. त्याच वर्षीच्या नाताळात बर्लिनच्या परवान्यांचा पहिला करार झाला आणि पश्चिम बर्लिनच्या लाखो लोकांनी भिंतीपलीकडील आप्तांची भेट घेतली. ज्याने आपल्या बहिणीला अडीच वर्षांनी पाहिले, त्याला या धोरणाची थोरवी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

एसेनचा करार हा त्या धोरणाचा एक धागा होता. ऑगस्ट १९७० मध्ये मॉस्कोचा, डिसेंबरमध्ये वॉर्साचा करार झाला. वॉर्सात ब्रांट ज्यू हुतात्म्यांच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. पुढे दोन्ही जर्मनींचा परस्परसंबंधांचा करार आणि १९७५ चा हेलसिंकीचा जाहीरनामा आला. हेलसिंकीत रशियाने सीमांच्या मान्यतेसाठी मानवी हक्कांच्या कलमांवर सही केली. क्रेमलिनने ती सही शोभेची मानली असेल. पण त्या कलमांचा आधार घेऊन १९७६ मध्ये मॉस्कोत आणि १९७७ च्या आरंभी प्रागमध्ये नागरिकांचे गट उभे राहिले. म्हणजे व्यापार हा मोठ्या राजकीय हेतूचा चाकर होता. त्याचे प्रमाणही मर्यादित होते. जर्मनीला लागणाऱ्या इंधनात रशियन वायूचा वाटा तेव्हा किरकोळ होता. चाकर धनी कधी झाला, हा खरा प्रश्न आहे.

त्याची पहिली चाहूल पोलंडमध्ये लागली आणि ती समाजवाद्यांना फारशी भूषणावह नाही.

१९८० च्या उन्हाळ्यात ग्डान्स्कच्या गोदी कामगारांनी संप केला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना जन्मास आली. तिची सभासदसंख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली. जगाच्या पाठीवर समाजवादी म्हणवणाऱ्या प्रत्येकाने जिच्या पाठीशी उभे राहावे अशी ती चळवळ. याच काळात पश्चिम जर्मनी वायूच्या दुसऱ्या, फार मोठ्या सौद्याच्या वाटाघाटी करीत होती. पश्चिम सैबेरियातील उरेन्गोय येथून युरोपापर्यंत नवी वाहिनी यावयाची होती आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये रूरगासने दरसाल आणखी १,०५० कोटी घनमीटर वायू घेण्याचा करार केला. तीन आठवड्यांनी, १३ डिसेंबर रोजी, जनरल यारुझेल्स्की यांनी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. १६ डिसेंबरला वुयेक येथील कोळसा खाणीत संपावर बसलेल्या नऊ खाणकामगारांना गोळ्या घालून मारण्यात आले.

लष्करी कायदा पुकारला त्या दिवशी जर्मनीचे समाजवादी चान्सलर हेल्मुट श्मिट हे पूर्व जर्मनीत होनेकर यांचे पाहुणे होते. त्यांनी दौरा अर्ध्यावर सोडला नाही. बॉनची प्रतिक्रिया इतर राजधान्यांच्या मानाने फार सौम्य होती. जर्मनीतील सामान्य माणसांनी त्या हिवाळ्यात पोलंडला अन्नाची आणि कपड्यांची लाखो पार्सले धाडली. सरकारला मात्र स्थैर्याची चिंता अधिक होती. खुद्द ब्रांट डिसेंबर १९८५ मध्ये वॉर्साला गेले, तेव्हा लेक वालेसा यांचे निमंत्रण असूनही ते त्यांना भेटावयास ग्डान्स्कला गेले नाहीत. ज्याने वॉर्सात गुडघे टेकले, त्याच नेत्याचे हे वर्तन. जवळीक करावयाची ती राजवटीशी की तिच्याखाली दबलेल्या जनतेशी, हा प्रश्न टुट्सिंगच्या भाषणात नीट सुटला नव्हता. व्यवहार वाढत गेला तसतसे त्याचे उत्तर आपोआप राजवटीच्या बाजूने पडत गेले, कारण करारावर सही राजवटीची असते, ग्डान्स्कच्या वायरमनची नसते.

येथे अमेरिकेची बाजू घ्यावयाचे कारण नाही. रेगन यांनी जून १९८२ मध्ये युरोपातील कंपन्यांनाही या वाहिनीसाठी यंत्रसामग्री पुरविण्यास बंदी केली. मार्गारेट थॅचर यांच्यासारख्या त्यांच्या सख्ख्या मैत्रिणीनेही ती जुमानली नाही आणि नोव्हेंबरात ती उठवावी लागली. याच रेगन यांनी एप्रिल १९८१ मध्ये रशियाला धान्य विकण्यावरील बंदी मागे घेतली होती, कारण अमेरिकेच्या शेतकऱ्यांचा माल पडून होता. म्हणजे अमेरिकेचा गहू रशियात गेला तर तो व्यापार, आणि रशियाचा वायू जर्मनीत आला तर तो घात! युरोपला हा ढोंगीपणा झोंबला, हे योग्यच झाले. दुर्दैव असे की, इशारा देणारा ढोंगी आहे म्हणून इशाराही खोटा ठरविण्याची सवय त्या वेळेपासून जडली.

वाहिनी पुरी झाली. वायू अखंड येत राहिला. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला, त्या उलथापालथीतही पुरवठा चालू होता. या अखंडपणाचा जर्मन मनावर खोल ठसा उमटला. शीतयुद्धाच्या ऐन कडाक्यात ज्यांनी नळ बंद केला नाही ते आता कशाला करतील, हे वाक्य मंत्रालयांत, कारखान्यांत आणि कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत आर्षवचनासारखे फिरू लागले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु त्या अखंडपणाची कारणे तपासण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. जुन्या वाहिन्या युक्रेनमधून येत होत्या. मॉस्कोला युरोपचा पैसा हवा असेल तर युक्रेनमधील नळ शाबूत ठेवणे भाग होते. शिवाय तेव्हाच्या क्रेमलिनमध्ये, कितीही जुलमी झाले तरी, एका पक्षाचे मंडळ निर्णय घेत होते. एका माणसाची इतिहासविषयक खुमखुमी हे परराष्ट्रधोरण नव्हते. ही दोन्ही बंधने पुढे गळून पडली. दुसरे बंधन रशियात गळाले. पहिले मात्र जर्मनीने स्वतःच्या हातांनी सोडविले.

ते असे. ८ सप्टेंबर २००५ रोजी बर्लिनमध्ये चान्सलर गेरहार्ड श्रोडर आणि व्लादिमिर पुतिन यांच्या उपस्थितीत बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीत येणाऱ्या ‘नॉर्ड स्ट्रीम’ वाहिनीचा करार झाला. जर्मनीतील सार्वत्रिक निवडणूक दहा दिवसांवर आली होती. श्रोडर निवडणूक हरले, नोव्हेंबरात पायउतार झाले आणि डिसेंबरात त्याच वाहिनीच्या कंपनीच्या भागधारक समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. हे गृहस्थ तरुणपणी पक्षाच्या युवक समाजवादी संघटनेचे अध्यक्ष होते. भांडवलदाराने राजकारणी विकत घेतल्याच्या कथा कार्यकर्त्यांना नव्या नाहीत. येथे परक्या राज्याच्या मालकीच्या कंपनीने लोकशाही देशाच्या प्रमुखाला, खुर्चीची ऊब जाण्यापूर्वीच, नोकरीस ठेवले आणि त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते.

परंतु श्रोडर यांच्या लोभावर सारे खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. नकाशा पाहिला तर दोष अधिक खोल दिसतो. नव्या वाहिनीने युक्रेन आणि पोलंड या दोघांनाही वगळले. वायू वाढविणे हा तिचा दुय्यम हेतू. मधल्या देशांवाचून वायू नेता येणे हा मुख्य. २००६ आणि २००९ च्या जानेवारीत रशियाने युक्रेनशी भांडून वायू तोडला होता. २००९ साली तर सुमारे दोन आठवडे बल्गेरिया, स्लोव्हाकिया यांसारखे देश ऐन थंडीत गारठले. यातून बर्लिनने धडा असा घेतला की, वाटेवरचा युक्रेन बेभरवशाचा आहे. तोटी ज्याच्या हातात त्याच्याविषयी संशय नाही, आणि नळ ज्याच्या अंगणातून जातो तो मात्र संशयित! पोलंडने आणि बाल्टिक देशांनी कंठशोष केला. ते इतिहासाच्या जखमा कुरवाळीत बसले आहेत, असे त्यांना ऐकविण्यात आले. ५,५०० कोटी घनमीटर क्षमतेची ही वाहिनी नोव्हेंबर २०११ मध्ये अँगेला मर्केल यांच्या हस्ते सुरू झाली. पक्ष बदलला, धोरण तेच राहिले.

व्यापाराने शांतता येते, असे म्हणणारे परस्परावलंबनाचा दाखला देतात. परस्परावलंबन युद्धाला पायबंद घालू शकते, हे खरे आहे. पण कोणाचे कोणावर अवलंबन, हे पाहावयास नको काय? युक्रेनमधील नळ हा रशियाच्या पायातील दोर होता. नॉर्ड स्ट्रीमने तो दोर कापला आणि जर्मनीच्या गळ्यात बांधला.

मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया गिळले. निर्बंध लागले, निषेध झाले. आणि २०१५ च्या सप्टेंबरात, म्हणजे दीड वर्षाच्या आत, दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. बाल्टिकमधून दुसरी वाहिनी टाकण्याचा करार झाला. आणि ‘बीएएसएफ’ या रसायन कंपनीने सैबेरियातील वायुक्षेत्रांतील भागाच्या मोबदल्यात जर्मनीतील आपला वायूचा व्यापार आणि साठवणुकीची कोठारे ‘गाझप्रोम’ला देण्याचा सौदा पक्का केला. त्या कोठारांत रेहडेन येथील देशातील सर्वांत मोठे भूमिगत कोठार होते, सुमारे ४०० कोटी घनमीटर क्षमतेचे. दुष्काळाच्या दिवसांत गावाची धान्याची पेवे सावकाराच्या ताब्यात द्यावीत, तशातला हा प्रकार. त्या वेळी अर्थखाते समाजवादी पक्षाकडेच होते आणि त्याने या सौद्यास हरकत घेतली नाही. २०२१ च्या शरद ऋतूत इतर कोठारे भरत असताना रेहडेन जवळजवळ रिकामे होते. बाजारात त्याची चर्चा झाली. हा युद्धाचा पूर्वसंकेत असेल असे मात्र फार थोड्यांना वाटले.

अशा व्यवहारात देशांतर्गत हितसंबंधांचे जाळे कसे विणले जाते, याचे एक उदाहरण तर विनोदी वाटावे असे आहे. दुसरी वाहिनी जेथे जमिनीवर येणार होती त्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याच्या समाजवादी सरकारने जानेवारी २०२१ मध्ये ‘हवामान संरक्षणा’साठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. राज्याने त्यात २ लाख युरो घातले. वाहिनीच्या कंपनीने २ कोटी. अमेरिकी निर्बंध चुकवून वाहिनीचे काम पुरे करण्यास मदत करणे, हे त्या प्रतिष्ठानचे खरे काम होते. अलेक्सेई नवाल्नी यांच्यावर विषप्रयोग होऊन त्यांच्यावर बर्लिनच्याच रुग्णालयात उपचार झाल्यास तेव्हा चारपाच महिनेच उलटले होते.

बंदराला काम, गावाला कर, कारखान्याला स्वस्त इंधन, पक्षाला मते, निवृत्त नेत्याला मानधन. प्रत्येकाचा वाटा लहान, आणि प्रत्येकाचे बोलणे समंजस. देशद्रोह कोणीच करीत नव्हता. पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी वाढत होती आणि ती वाढते आहे हे सांगणारा दरवर्षी थोडा अधिक एकाकी पडत होता.

मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला. दोनच दिवस आधी, २२ तारखेस, समाजवादी चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी दुसऱ्या वाहिनीच्या मंजुरीची प्रक्रिया थांबविली होती. ती बांधून तयार होती आणि तिच्यातून एक घनमीटरही वायू विकला गेला नव्हता. पहिली मात्र चालूच होती. युक्रेनच्या शहरांवर बॉम्ब पडत असताना युरोपातून रशियाला इंधनाचे पैसे रोज पोचत होते. वायू तातडीने तोडावा अशी मागणी झाली, तेव्हा एप्रिलमध्ये जर्मनीच्या मालक संघटनेने आणि कामगार संघटनांच्या महासंघाने मिळून तिला विरोध केला. मालक आणि कामगार एका पत्रकावर! त्या कामगार नेत्यांना दोष देण्यापूर्वी क्षणभर त्यांच्या जागी उभे राहिले पाहिजे. काचेची भट्टी एकदा थंडावली की निकामी होते. रसायनांचा कारखाना बंद झाला की त्याच्यावर जगणारे गाव बंद होते. त्यांच्या सभासदांची भाकरी खरोखरच त्या नळाला बांधलेली होती. पण ती बांधताना, २००५ साली किंवा २०१५ साली, त्या सभासदांना कोणी विचारले होते काय?

शेवटी नळ तोडला तो रशियानेच. जूनमध्ये पुरवठा ४० टक्क्यांवर आणला, जुलैअखेर २० वर, आणि ऑगस्टअखेर शून्यावर. जर्मनीच्या किनाऱ्यावर द्रवरूप वायू उतरविण्याचा एकही धक्का तोवर नव्हता. नळाचा वायू स्वस्त असताना धक्का बांधणे ही उधळपट्टी मानली गेली होती. पहिला धक्का विल्हेल्म्सहाफेन येथे डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. रशियन वायूवर विसंबलेली ‘युनिपर’ ही कंपनी बुडू लागली आणि सरकारला ती जवळजवळ संपूर्ण विकत घ्यावी लागली. किमतींचा भडका शमविण्यासाठी २०,००० कोटी युरोंपर्यंतची तरतूद जाहीर झाली. नफा तीस वर्षे खासगी होता, तोटा एका हिवाळ्यात सार्वजनिक झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीएएसएफने लुडविग्सहाफेन येथील अमोनियाचा एक विभाग आणि अन्य काही विभाग बंद करण्याचे आणि जगभरातील २,६०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील बहुतेक जर्मनीतील होत्या.

जर्मनी श्रीमंत होती म्हणून निभावली. तिने जगाच्या बाजारातून मिळेल त्या भावाने द्रवरूप वायू उचलला आणि जी जहाजे दक्षिण आशियाकडे यावयाची ती युरोपकडे वळली. पाकिस्तानने जुलै २०२२ मध्ये दहा जहाजांसाठी निविदा काढली, एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशाने तातडीची खरेदी परवडत नाही म्हणून थांबविली आणि विजेची कपात सुरू केली. आपल्या देशालाही याची झळ बसली. ‘गेल’ या सार्वजनिक कंपनीचा गाझप्रोमच्या सिंगापूर येथील कंपनीशी २०१२ साली झालेला वीस वर्षांचा करार होता. त्या कंपनीची जर्मनीतील मातृसंस्था जर्मन सरकारने ताब्यात घेतली, रशियाने तिचा पुरवठा तोडला आणि गेलची जहाजे येईनाशी झाली. गेलला खतांच्या कारखान्यांसह आपल्या ग्राहकांच्या पुरवठ्यात कपात करावी लागली. नुकसानभरपाईचा तंटा जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरांवर मिटला. बर्लिनमधील जुगाराचे देणे ढाक्यातील शिलाई कामगाराने अंधारात बसून फेडले, हे या इतिहासाचे असे पान आहे की युरोपातील पश्चात्तापाच्या भाषणांत ते क्वचितच उघडले जाते.

पश्चात्ताप झाला, हे नमूद केले पाहिजे. अनेक वर्षे परराष्ट्रमंत्री असलेले आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले श्टाइनमायर यांनी एप्रिल २०२२ मध्ये दुसऱ्या वाहिनीचा आग्रह ही आपली चूक होती, अशी स्पष्ट कबुली दिली. समाजवादी पक्षाच्या नेतृत्वानेही त्याच वर्षी रशियाविषयक धोरणातील चुका मान्य केल्या. श्रोडर यांनी कशाचीच कबुली दिली नाही. त्यांना पक्षातून काढण्याचे प्रयत्नही फसले.

कार्यकर्ते येथे एक आक्षेप घेतील आणि तो घेतलाच पाहिजे: व्यापाराचे हत्यार काय फक्त हुकूमशहाच वापरतात? नाही. महाराष्ट्रातील साठी उलटलेल्या माणसाला शिधावाटप दुकानातील लाल मिलो आठवत असेल. १९६५ ते ६७ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला द्यावयाचे धान्य जहाजागणिक अडवून धरले. व्हिएतनामविषयी दिल्लीने काढलेले उद्गार त्यांना रुचले नव्हते. उपाशी माणसाच्या ताटाशी केलेला तो खेळ लोकशाही राष्ट्राने केला होता. आणि रशियाचा नळ तुटल्यावर जर्मनीचे मंत्री मार्च २०२२ मध्ये कोणाच्या दारी गेले? कतारच्या अमीराच्या. तेव्हा निवाडा देशाच्या पाटीवरून करता येत नाही.

तरीही फरक आहे आणि तो ध्यानात घेतला पाहिजे. जॉन्सन यांच्या धोरणावर अमेरिकेच्या वृत्तपत्रांत आणि काँग्रेसमध्ये टीका होऊ शकत होती. पुतिन यांच्या हाताला धरणारे कोण होते? ‘मेमोरियल’ ही स्टालिनच्या बळींची नोंद ठेवणारी संस्था रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धाच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, मोडीत काढली होती. जर्मनीचा तोटा झाला की जर्मनीत मालक ओरडतो, संघटना ओरडते, राज्य सरकार ओरडते आणि चान्सलरची झोप उडते. रशियाचा तोटा झाला की तो निमूटपणे खाली, खेड्यापाड्यांतील घरांवर, ढकलला जातो. हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजूंचे आकडे समान असले, तरी सोसण्याची सक्ती समान नसते. आणि वाटाघाटीत जिंकतो तो कमी गमावणारा नव्हे, आपल्या माणसांना अधिक गमवावयास लावू शकणारा. परस्परावलंबनाचा सिद्धांत येथे लंगडा पडतो.

जर्मनी तरी शहाणी झाली काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये, नळ तुटून दोन महिने झाले नव्हते तोच, हँबुर्ग बंदरातील एका धक्क्यात चीनच्या सरकारी जहाज कंपनीला २४.९९ टक्क्यांपर्यंत भाग घेऊ देण्याचा निर्णय शोल्त्स मंत्रिमंडळाने केला. लुडविग्सहाफेनचे विभाग बंद करणारी बीएएसएफ त्याच वेळी चीनमधील झानजियांग येथे १,००० कोटी युरोंपर्यंतचा प्रकल्प उभारीत होती.

भारताच्या कारभाऱ्यांकडे बोट दाखविल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. युद्धापूर्वी देशाच्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. २०२३ पर्यंत तो एकतृतीयांशाच्या पुढे गेला. स्वस्त मिळते तेथून घ्यावे, गरीब देशाने श्रीमंतांच्या भांडणाचा भार का वाहावा, हा युक्तिवाद बिनतोड आहे, जर स्वस्ताई गरिबाच्या चुलीपर्यंत पोचत असेल तर. मुंबईत पेट्रोलचा भाव जुलै २०२२ च्या मध्यापासून मार्च २०२४ च्या मध्यापर्यंत लिटरला १०६ रुपये ३१ पैशांवर खिळून होता. मधल्या वीस महिन्यांतील स्वस्त तेलाचा लाभ शुद्धीकरण कंपन्यांनी आणि सरकारी तिजोरीने किती किती घेतला, याचा हिशेब रिक्षावाल्याला कोणी दिला नाही. धोका मात्र सार्वजनिक होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच तेलाचे निमित्त करून भारतीय मालावर आणखी २५ टक्के जकात बसविली, ती तेल कंपन्यांना लागली नाही. कापड, कोळंबी आणि चामड्याच्या वस्तू करणाऱ्यांना लागली.

आणि चीन. गलवानमध्ये जून २०२० मध्ये वीस भारतीय जवान मारले गेले. त्यानंतरच्या वर्षांत चीनकडून होणारी आयात घटली नाही, वाढली. औषधांच्या कच्च्या मालाचा फार मोठा भाग तेथूनच येतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. भांडण अमेरिकेशी होते; पण काही महिन्यांत पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणाऱ्या विजेवरील चेतक स्कूटरचे उत्पादन चुंबकांवाचून घटले. ही चुंबके अन्यत्र करता येतात. त्यासाठी लागणारी खनिजे केरळच्या आणि ओडिशाच्या वाळूत आहेत आणि ती काढणारी सरकारी कंपनी १९५० पासून अस्तित्वात आहे. पण चीनची चुंबके स्वस्त होती, म्हणून धक्का न बांधणाऱ्या जर्मनीप्रमाणे येथेही कोणी कारखाना बांधला नाही.

म्हणून पक्षाच्या कामगार आघाडीने या प्रश्नाला परराष्ट्रखात्याचा विषय मानून बाजूस ठेवू नये. ज्या उद्योगात एखादा कच्चा माल एकाच देशातून येतो, तेथील संघटनेने व्यवस्थापनाला लेखी विचारावे: हा पुरवठा तुटला तर किती दिवसांचा साठा आहे, पर्यायी माल कोठून येईल, आणि तोवर कामगारांच्या वेतनाचे काय? दहा-वीस वर्षांचे इंधनाचे आणि खनिजांचे करार संसदेसमोर मांडले जावेत, अशी मागणी पक्षाच्या प्रतिनिधींनी करावी. गेलचा २०१२ चा करार असा मांडला गेला असता तर त्यात पुरवठादाराची मालकी बदलल्यास काय, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असता. मंत्रिपद किंवा सचिवपद सोडल्यावर परक्या सरकारच्या कंपनीत पद घेण्यास दीर्घकाळ मनाई असावी. आणि ज्या देशाशी व्यवहार चालू आहे तेथील तुरुंगात पडलेल्या कामगार कार्यकर्त्यांची नावे पक्षाच्या सभांतून घेतली जावीत, मग दिल्लीच्या वाटाघाटी कितीही नाजूक अवस्थेत असोत. १९८१ च्या डिसेंबरात वुयेकच्या खाणकामगारांसाठी बॉनमध्ये हे झाले नव्हते.